गाडीला जवसाचं तेल

लग्न होऊन मी अमरावतीला आले तेव्हा सासरी तीन वयोवृद्ध मंडळी होती. सासरे, सासूबाई आणि गाडी. तिघांत जास्त लाड गाडीचे व्हायचे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ती काळी विलायती मोटार मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एका कापसाच्या जिनिंगवाल्याकडून घेतली होती. मामंजी जुने वकील. कोर्टात जाणं त्यांनी सोडलं होतं, पण घरात रोज कोर्ट भरायचंच. माझे यजमानही वकील. गाडी तेच चालवायचे आणि तिचं तेलपाणीही तेच करतात, असा घरात सगळ्यांचा समज होता.

गावात मोटारींचे मिस्त्री होते. पण मामंजींचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. "मिस्त्री नुस्ता फडका फिरवते अन् ग्रीस मारलं म्हन्ते," असं म्हणून त्यांनी ग्रीसगन, जॅक आणि पान्यांची पेटी घरीच आणून ठेवली होती. दर रविवारी सकाळी ते पत्ते खेळायला मित्राकडे जात, सासूबाई अंबादेवीला जात, आणि मागच्या अंगणात गाडीची सेवा सुरू होई. अडचण एवढीच होती की यजमानांना गाडीखाली शिरता येत नव्हतं. पाठ धरायची, आणि पोटही आडवं यायचं. लग्नाला वर्ष झालं नसेल, एका रविवारी ते जमिनीवर पालथे पडून हात लांब करत होते आणि गन पोचत नव्हती. मला हसू आवरेना. मी म्हटलं, "आणा इकडे, मी जाते."

तेव्हापासून मीच गेले. फाटकाला आतून कडी घालायची, यांचा जुना पायजमा नि सदरा चढवायचा, केस फडक्यात करकचून बांधायचे आणि तरटावर पाठ टेकून आत सरकायचं. वकिलाची सून गाडीखाली जाते हे बाहेर कळलं असतं तर काय झालं असतं, याचा विचारच नको. म्हणून ते आमच्या दोघांतलं गुपित होतं.

काम मला मनापासून आवडायचं. चाकांच्या मागे, स्प्रिंगच्या कमानींच्या टोकांना, स्टिअरिंगच्या दांड्यांना, जिथे जिथे लोखंड लोखंडावर फिरतं तिथे एक छोटं पितळी बोंड असतं. त्याला निपल म्हणतात. आधी ते घासलेटच्या फडक्याने पुसायचं, नाहीतर धूळ ग्रीसबरोबर आत जाते. मग गनचं तोंड त्यावर दाबून धरायचं आणि दांडा रेटायचा. सांध्यातून आधी जुनं काळंकुट्ट ग्रीस बाहेर येतं, मग नवं, मधासारखं. नवं दिसलं की थांबायचं. कमानींचं काम वेगळं. गाडी जॅकवर उचलली की कमानीचे पाटे एकमेकांपासून जरा सुटतात, त्या फटीत ग्रीस सारायचं. त्यासाठी मी स्वयंपाकघरातलं एक पातळ उलथनं लांबवलं होतं. सासूबाई ते कित्येक महिने शोधत होत्या आणि भांडीवालीवर डाफरत होत्या. मी मुकाट पोळ्या लाटायची.

हे बाहेर स्टुलावर चहाचा कप घेऊन बसायचे. सुरुवातीला गाडीच्या पुस्तकातली चित्रं पाहून मला सांगायचे, आता डावीकडे बघ, आता वर बघ. पुढे पुढे मीच आतून ओरडून सांगायला लागले की किंगपिनचं निपल तुंबलंय, सुई द्या. किंगपिन म्हणजे पुढचं चाक ज्याच्यावर वळतं तो उभा दांडा. आम्ही हसायचो, भांडायचो, कोर्टातल्या गमती बोलायचो. एरवी दिवसभर चारचौघांत आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोलत असू, तशीच रीत होती. माझ्या संसारातलं सगळ्यात मोकळं बोलणं मी गाडीखाली पडून केलेलं आहे.

आणि त्या कामाच्या बदल्यात मला एक वचन मिळालं होतं. मी मागितलं नव्हतं, यांनीच दिलं. एकदा मी डोळे मिटून एकेक निपल हाताने चाचपून दाखवलं तेव्हा खूश होऊन म्हणाले, "आता तुझ्या हाती स्टिअरिंग द्यायला काही हरकत नाही. शिकवतो तुला. दर्यापूरला तूच गाडी घेऊन जायची."

दर्यापूर माझं माहेर. वडील तिथे शाळामास्तर. पुढच्या खेपेला मी त्यांना हे सांगितलं. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "मंग मले आधी कळव. त्या दिवशी शाळेतून लवकर येतो." त्यानंतर मी धुळीने माखून बसमधून उतरले की ते अड्ड्यावर पिशवी हातात घेताना विचारायचे, "आज बी बसनंच का?" मी म्हणायची, आता थोडेच दिवस. आधी पावसाळा आडवा आला, काळ्या मातीचा रस्ता, चाकं रुततात. मग मामंजींना हळूच सांगायला हवं होतं. शेवटी ठरलं की या उन्हाळ्यातली लग्नं आटोपली की शिकवणी सुरू. मामंजींना सांगण्याचं यांनी पत्करलं.

लग्नांसाठी गाडी अकोल्याला गेली होती. माझे धाकटे दीर तिथे आपल्या सासरी राहत. त्यांच्या सासऱ्यांच्या तेलगिरणीतच ते काम बघत. माणूस हसरा, पण आपल्याला सगळं कळतं ही खात्री फार. पुऱ्या लग्नसराईभर त्यांनी गाडी वापरली आणि ज्येष्ठ संपत आला तेव्हा परत आणली. गाडी फाटकातून आत घेताना त्यांना दोन्ही हातांनी स्टिअरिंगचं चाक ओढावं लागत होतं, हे मी माजघराच्या खिडकीतून पाहिलं. उतरल्यावर मात्र ऐटीत म्हणाले, "वैनी, गाडी चकाचक करून आनली. सारं जुनं ग्रीस घासलेटनं धुऊन काढलं. घरचं तेल टाकलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या सगळ्यांना अकोल्याला मुंजीला जायचं होतं. दीर आदल्या संध्याकाळीच रेल्वेने परत गेले होते. निघण्याआधी मामंजी अंघोळीला गेले तेवढ्यात मी नि हे मागे गेलो. मी पुढच्या चाकामागे हात घातला. बोटं चिकटली. किंगपिनवर पिवळी, चिवट साय आली होती, डिंकासारखी. बोट नाकाशी नेलं. मी म्हटलं, "अहो, हे जवस आहे!"

जवसाचं तेल वऱ्हाडात कोणाला ओळखता येणार नाही? माझ्या माहेरी दारं-चौकटींना ते चोळायचे, कारण ते वाळतं आणि लाकडावर त्याची कातडी धरते. दिरांनी तेच गनमध्ये भरून प्रत्येक सांध्यात दाबलं होतं. गिरणीतल्या बंड्यांच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या, आसांना मिळेल ते तेल घालायचे, रोजच्या रोज. बंडीला चालतं ते मोटारीला काहून नाही, असा त्यांचा हिशेब. वैशाखाच्या उन्हाने ते तेल आत आळून बसलं होतं.

मी यांना सांगितलं, आज गाडी नेऊ नका. सगळं घासलेटने धुवायला लागेल, मग नवं ग्रीस, निदान दुपार होईल. यांनीही बोट लावून वास घेतला. "जवसच आहे. गाढव आहे हा," असं स्वतःच्या तोंडाने म्हणाले. मग अंगणाच्या दिशेने पाहिलं. "पण बाबांना आता काय सांगू? मुंजीचा मुहूर्त आहे. हळू चालवतो. परत आलो की धुऊ."

बडनेरा मागे टाकून आम्ही अकोल्याच्या रस्त्याला लागलो. समोरून एक बंडी आली. तिला वाट द्यायला यांनी स्टिअरिंग वळवलं, आणि ते वळलेलंच राहिलं. यांनी जिवाच्या आकांताने उलटं ओढलं, पण पुढची चाकं सरळ होईनात. गाडी रस्ता सोडून उतरली आणि एका पऱ्हाटीच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे कपाशीच्या शेताच्या बांधावर, नाक टेकून थांबली. सासूबाईंच्या बांगड्या फुटल्या. मामंजींचं मनगट समोरच्या पत्र्यावर आपटून सुजलं. याहून जास्त काही झालं नाही, ही देवाची कृपा. त्याच बंडीच्या बैलांनी गाडी वर काढली. मुंज राहिली बाजूला.

दुसऱ्या दिवशी निरोप मिळून दीर आले आणि ओसरीवर कोर्ट भरलं. मामंजी हाताला पट्टी बांधून झोपाळ्यावर. त्यांनी स्वतः जाऊन चाकामागे बोट घातलं होतं, आणि ते बोट सगळ्यांसमोर धरून ते म्हणाले, "हे जवस आहे. मोटरीत जवस कोनं घातलं?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. दीर खाली बघत होते. पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होते. माझ्या मनात जराही धाकधूक नव्हती. उलट दिरांची थोडी कीवच आली, आता त्यांना बोलणी बसणार म्हणून. मी यांच्याकडे पाहिलं. हे घसा खाकरले आणि म्हणाले, "बाबा, गाडीचं ग्रीसिंग ही करते."

बस, एवढंच. वकिलाचं उत्तर होतं. शब्दाला शब्द खरा, एकही शब्द खोडून काढता यायचा नाही. मामंजींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पदर सावरला. "सून मोटरीखाली जाते? माह्या घरात? अन् मले ठाऊक नाही?" मग थोड्या वेळाने, दमल्यासारखे, "अवं, खायच्या तेलात अन् गाडीच्या तेलात फरक असते, एवढंबी तुले समजलं नाही?"

मी म्हटलं, "मी नाही घातलं." त्या घरात मामंजींसमोर इतकं मोठ्याने मी पहिल्यांदाच बोलले. मग यांच्याकडे वळून म्हटलं, "सांगा ना. तुम्हाला माहीत आहे. तुम्ही वास घेतला होता."

हे म्हणाले, "जाऊ दे आता. झालं ते झालं."

दिरांचा अंगठा तेव्हाही फरशीच उकरत होता. त्यांच्याकडून मला अपेक्षा नव्हती, म्हणून रागही फार नाही. पण ज्या माणसाने स्टुलावर बसून माझ्यासाठी सुई शोधून दिली होती त्याने मला असं भर ओसरीवर तोंडघशी पाडावं? सासूबाई उलथन्याबद्दल बोलायला लागल्या. त्या काय म्हणत होत्या ते मला ऐकू येत होतं, पण अर्थ लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर कपडे वाळत घालत असताना हे माझ्यामागे आले. "काहून रडून राहिली? समजून घे ना. तो सासरी राहतो, सासऱ्यांच्याच गिरणीत काम करतो. बाबांनी तिथं जाऊन तमाशा केला असता तर त्याला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. तू तर घरातलीच आहेस."

मी म्हटलं, "आणि मी कुठे राहते? मीही सासरीच राहते की!"

ओल्या धोतराचं एक टोक त्यांनी धरलं, आम्ही दोघांनी ते पिळलं, आणि ते खाली गेले.

मामंजींनी गाडी दिरांना देऊन टाकली. कारण काय, तर त्याला तेलातलं कळतं. न्यायच्या आधी ती धुवायची होती आणि खाली शिरणारं दुसरं कोणी नव्हतं. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून फाटक सताड उघडं ठेवून मी ते काम केलं. एक निपल सोडलं नाही. दीर गाडी घेऊन गेले तेव्हा स्टिअरिंग एका बोटाने फिरत होतं. दर्यापूरला वडिलांना मी काही सांगितलं नाही. त्यांनीही पुढे बसबद्दल विचारणं सोडून दिलं.

वर्षं गेली. मामंजी गेले, सासूबाई गेल्या. घरात त्या प्रसंगाची गंमत झाली होती. पाहुण्यांना जेवायला वाढताना जवसाची चटणी आली की हे सांगायचे, "हिनं एकदा गाडीला पण वाढली होती." सगळे हसायचे. मी आत निघून जायची. मला वाटायचं, चारचौघांत एकदा बोललेलं आता मोडता येत नाही म्हणून हे रेटून नेतात. मनातून यांना माहीत आहे, एवढाच काय तो माझा आधार होता.

मग एकोणीसशे साठच्या दशकाच्या शेवटी यांनी स्वतःच्या कमाईने एक लहान गाडी घेतली. वडील थकले होते, शाळा सुटली होती, डोळ्यांनी कमी दिसायला लागलं होतं. घरात आता अडवणारं कोणी नव्हतं. एका सकाळी चहा देताना मी म्हटलं, "आता तरी शिकवा मला. माझ्या बाबांना दिसतंय तोवर एकदा दर्यापूरला घेऊन जाते."

यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. थट्टेचा सूर नव्हता. माझ्या पाठीवर हात ठेवून, लहान मुलीला समजवावं तसे म्हणाले, "नको गं. गाडी म्हणजे फार भान ठेवावं लागतं. तेव्हा तू ते जवस घातलंस, आमच्या बाबांचा जीव जायचा त्या दिवशी."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. कुठे काही लपवल्याची खूण दिसते का, नजर चुकते का, ते शोधत राहिले. नजर सरळ होती. त्यांना खरंच तसंच आठवत होतं.

"आणि मी तेव्हासुद्धा तुला एका शब्दाने बोललो नाही," ते म्हणाले.