दाराआडचा वॉकर

माझा स्वभाव तापट आहे. शाळेत चाळीस पोरं सांभाळताना आवाज चढतो, आणि घरी आल्यावरही तो लवकर उतरत नाही. पण रागावर खापर फोडून सुटण्यासारखी ही गोष्ट नाही. त्या रविवारी मी जे केलं ते रागात केलं नव्हतं. चार लोकांत चांगलं दिसावं म्हणून केलं होतं, आणि त्याचीच मला लाज वाटते.

आई अकोल्याला एकटी राहायची. बाबा गेल्याला अकरा वर्षं झाली होती. टेलिफोन खात्यात सगळी नोकरी केलेली, नाकावर माशी बसू न देणारी बाई. बाथरूममध्ये पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. भाऊ पुण्याला, त्याला रजा मिळेना, म्हणून मी तिला अमरावतीला माझ्याकडे आणलं. गाडी मूर्तिजापूरच्या पुढे आली तेव्हा ती म्हणाली, "पाय चालू झाला का मी माह्या घरी जाइन. आताच सांगून ठेवतो."

"बरं," मी म्हणाले. मनात म्हटलं, बघू.

दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्टने एका बाईंचा नंबर दिला होता. दुखण्यातून उठलेल्या माणसाला पुन्हा आपलं आपण करता यावं, म्हणून त्या काही आठवडे घरी येत. भातकुलीहून स्कुटीवर यायच्या, सकाळी तीन तास. वय माझ्यापेक्षा कमीच असेल. पहिल्याच दिवशी त्यांनी मला न विचारता आईलाच विचारलं, "मावशी, तुमाले काय काय सोताच्या हातानं करायचं हाय?"

आईने बोटांवर मोजत सांगितलं. आंघोळ, लुगडं, पोळी नाही जमली तरी भात, आणि चहा. चहा तर पाहिजेच.

"मंग सहा हप्ते," बाई म्हणाल्या. "त्याच्यावर मी येत नाई. सहा हप्त्यांनीबी मी लागत असन, तर माहं काम फसलं समजा."

दुसऱ्या दिवशी मी पाहिलं ते असं. आई पलंगावर बसून ब्लाउजच्या बाहीशी झटापट करते आहे आणि ह्या बाई समोर हात पाठीमागे बांधून उभ्या. मदत नाही की काही नाही. मी पुढे झाले, तर म्हणाल्या, "मॅडम, हात लावू नोका." पंचवीस मिनिटं लागली त्या एका ब्लाउजला. मला शाळेला उशीर झाला. रिक्षात बसल्या बसल्या मी नवऱ्याला फोन करून तोंडसुख घेतलं, की ही काय सेवा आहे का, ही तर तमाशा बघायला येते. शाळेच्या भिंतीवर 'आपले काम आपण करावे' हे माझ्याच हाताने रंगवलेलं आहे. ते पोरांसाठी होतं.

पण काम होत होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. तिसऱ्या आठवड्यात आई सांडशीने परकराची किनार वर ओढून घ्यायला शिकली, कारण वाकायला बंदी होती. वॉकर धरल्यावर दोन्ही हात अडकतात, मग वस्तू न्यायची कशी, हा प्रश्न होता. बाईंनी वॉकरला पुढून एक कापडी पिशवी शिवून लावली. पिशवीत मोबाईल, चष्मा, औषधाची डबी. मग त्या दोघींनी चहाचं मनावर घेतलं. चहा गाळून थर्मासमध्ये भरायचा, झाकण घट्ट लावायचं, थर्मास पिशवीत ठेवायचा, कप आधीच बाहेर टेबलावर मांडून ठेवायचे. आधी तीन दिवस नुसतं पाणी भरून तालीम. एकदा थर्मास आडवा झाला आणि सगळं पाणी स्वयंपाकघरात. आई एवढी हसली की तिला खुर्चीवर बसवावं लागलं. बाई मात्र लांब दांड्याचा पोछा तिच्या हाताशी ठेवून पुन्हा हात मागे बांधून उभ्या.

मला ते सगळं पोरखेळासारखं वाटायचं. घरात सून नाही, पण लेक आहे ना? मग सत्तरीतली आई माझ्या ओट्याशी उभी राहून चहा का करते? शेजारच्या काकूंनी खिडकीतून पाहिलं आणि विचारलं, "आईले कामाले लावलं का वो?" हसत विचारलं, पण मला झोंबलं.

चौथ्या आठवड्यातल्या रविवारी बाळापूरहून मामा-मामी येणार होते. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. आई पडल्यापासून त्याचं एकच चालू होतं, की आता एकटीनं राहायचं नाही, अकोल्याचं घर भाड्याने देऊन टाकायचं. खरं तर माझंही मत तेच होतं, फक्त मी ते त्याच्या तोंडून ऐकत होते. रविवारी बाईंची सुट्टी असायची, तरी त्या दिवशी त्या आल्या. मी का विचारलं नाही? मला वाटलं, आईनेच गप्पा मारायला बोलावलं असेल.

आमच्याकडे आजाऱ्याला बघायला लोक येतात तेव्हा आजारी माणसाला आजारी दिसावं लागतं. गादीवर, पांघरूण ओढून, उशाशी संत्री. बघायला आलेल्यासमोर दुखणेकरी जर हातात चहा घेऊन आला, तर गावभर होतं की घरच्यांनी टाकून दिलं. त्यात ती लेकीच्या घरी. पोराच्या घरी असती तर सुनेला बोलले असते, इथे सगळ्यांचं लक्ष माझ्यावर. मला दाखवायचं होतं की मी कुठेच कमी पडत नाही.

मामा खाली गाडी लावत होता. मी स्वयंपाकघरात गेले तर आई ओट्याशी, नवी साडी नेसलेली, पातेल्यात पाणी मोजून ठेवते आहे. केस विंचरलेले. बाई दाराशी उभ्या.

"आई, हे काय? चल, झोप आधी."

"अवो, चहाचं ठेवतो ना."

"मी करते. लोक काय म्हणतील? चल."

मी तिला दंडाला धरून हॉलमधल्या दिवाणावर नेलं. बाई म्हणाल्या, "मॅडम, राहू द्या ना त्यायले," पण मी ऐकलं नाही. आईला आडवं केलं, पायावर चादर घातली, आणि वॉकर उचलून आतल्या खोलीत दाराआड ठेवला. हॉलमध्ये तो बरा दिसत नव्हता, असं मी स्वतःशी म्हटलं. वॉकरशिवाय आई उठू शकत नव्हती. हे मला ठाऊक होतं. ते ठाऊक असूनच मी तो लांब ठेवला, हे मान्य करायला मला फार दिवस लागले.

"जयभीम," म्हणत मामा आत आला. मी चांगले कप काढले, चहा केला, सोबत चिवडा. मामाने विचारलं, "हिंडते-फिरते का थोडी?"

आईने तोंड उघडलं होतं. मी मध्येच म्हणाले, "आम्ही तिला जागचं हलूसुद्धा देत नाही, मामा. सगळं हातात."

मामी म्हणाली, "पोरापेक्षा लेक बरी, पाहा." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मामा आईला म्हणाला, "आता अकोल्याले कायले जातं वो बाई? एवढं सुख सोडून? घराचं मी पाहून घेतो."

आई छताकडे बघत होती. तशीच म्हणाली, "हो."

ते गेल्यावर बाई चप्पल घालता घालता माझ्याशी हळू आवाजात बोलल्या. "मॅडम, भावाले त्यायनंच फोन करून बोलावलं होतं. दाखवाले. चहा हातात देइन, मंगच घरी जायची गोष्ट काढीन, म्हने. चार दिवसांपासून तेच चालू होतं."

मला काय वाटलं हे मी प्रामाणिकपणे सांगते. आधी धस्स झालं, आणि त्या धस्स होण्याचाच राग आला. मी म्हणाले, "पाहुण्यांसमोर माझ्या आईला मोलकरणीसारखं उभं करता, वर मलाच शिकवता?" त्या स्कुटी चालू करून निघून गेल्या.

सोमवारी त्या वेळेवर आल्या. आई म्हणाली, "आज नाई पोरी. आंग दुखते." मंगळवारीही तेच. पाचव्या आठवड्यात ती पलंगावरच जेवायला लागली. मीच ताट नेऊन देत होते, तिने सांगितलं नव्हतं. सहावा आठवडा संपला तेव्हा बाई म्हणाल्या, "मी अजून येतो, पन त्यायच्या मनानं घेतलं पायजे. ते माह्या हातात नाई." जाताना त्यांनी आईच्या पायाला हात लावला. आईने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

दिवाळीनंतर मामाने अकोल्याच्या घरात एक कुटुंब ठेवलं. आईची भांडी पोत्यात भरून माझ्या गच्चीवर आली. ती पोती तिने अजून उघडलेली नाहीत.

माझं मात्र नाव झालं. नातेवाइकांत माझं उदाहरण देतात. महिला दिनाला शाळेत मला 'आईवडिलांची सेवा' ह्या विषयावर बोलायला लावलं. मी उभी राहिले आणि बोलले. टाळ्या पडल्या. मी त्या घेतल्या. जनाची नाही तर मनाची तरी असायला हवी होती.

त्या संध्याकाळी मी आईजवळ बसले आणि एकदाचं सांगून टाकलं, की त्या रविवारी माझं चुकलं. तुला उठू द्यायला हवं होतं. मला वाटलं होतं ती चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं.

"जाऊ दे वो," ती म्हणाली. "तू हलू देत नाई म्हनून सांगून राहिली होती. मी उठलो असतो तर तू खोटी पडली असती चार लोकाइत."

म्हणजे वॉकर जवळ असता, तरी ती त्या दिवशी उठली नसती. माझ्यासाठी.

मग ती तिचा कधीच नव्हता अशा, परवानगी मागणाऱ्या आवाजात मला म्हणाली, "मी पानी पेऊ का थोडंसं?"

तांब्या तिच्या हाताच्या अंतरावर होता. मी तो तिच्याजवळ सरकवायला हवा होता आणि हात मागे घ्यायला हवे होते. मी उठले, पेला भरला आणि तिच्या ओठांना लावला.