गणपतीच्या आराशीतला निळा मासा

बदलीच्या नोकरीत घरात काय आणायचं याचा आमचा नियम साधा आहे: सामान हलवताना रडवणार नाही तेवढंच. म्हणून मुलीने समुद्राच्या पाण्याची टाकी मागितली तेव्हा मी पंचवीस लिटरच्या वर जायला साफ नकार दिला. सध्याच्या बदलीच्या शहरात, न्यू टाउन भागातल्या फ्लॅटमध्ये, टीव्हीशेजारी ती मावली.

मुलगी अकरा वर्षांची. तिने महिना-दीड महिना टाकीत नुसते दगड आणि खारं पाणी ठेवलं आणि तोवर इतक्याशा जागेत कोण राहू शकेल ते वहीत लिहून काढलं. मासा एकच, बोटाच्या दोन पेरांएवढा पिवळा गोबी, जो बहुतेक वेळ दगडावर बसून असतो. सोबत शंखातला एक खेकडा आणि दोन गोगलगाई. बाकीच्यांवर फुली. हा फार वाढतो, हा भांडतो, याला पोहायला जागा लागते, अशी कारणंही लिहिलेली. मी ऑफिसात फायलींवर एवढा विचार करत नाही, खोटं कशाला बोलू.

ठरल्याप्रमाणे सगळे आले, आणि पाठोपाठ गणपती आले. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो, आणि शहरातली ओळखीची बहुतेक मराठी घरं दर्शनाला येतात. यंदा मखराशेजारी टाकी ठेवायची टूम माझीच. पण गोबी दगडाआड बसायचा आणि टाकी रिकामी दिसायची. लोक काय बघणार, गोगलगाई?

आदल्या दिवशी मी एकटाच एस्प्लनेडजवळच्या पाळीव माशांच्या दुकानात गेलो आणि झगझगीत निळा मासा मागितला. दुकानदार म्हणाला, "दादा, छोटे टैंक में मत डालिए. बहुत मारता है." मी म्हणालो, दोनच दिवसांचा प्रश्न आहे. मुलीने निळा मासा पाहिला आणि वही उघडली. मी म्हणालो, "दुकानदाराला विचारलंय, चालतो म्हणाला." तिने वही मिटली.

आरतीला आलेल्या प्रत्येकाने त्या माशाचं कौतुक केलं. मी हवेत होतो. विसर्जनानंतर दुसऱ्या दिवशी चहा पिताना मी पाहिलं, निळा मासा गोबीला कोपऱ्यात रेटत होता. गोबीची शेपटी फाटलेली होती. दोन दिवस हे मी पाहत होतो. होईल सवय, रविवारी परत देऊन येऊ, असं स्वतःला सांगत राहिलो. आळस, दुसरं काय.

रविवारच्या आत गोबी मेला. मुलगी शाळेतून आली, तिने त्याला जाळीने काढलं आणि पाण्याचा खारटपणा मोजला. तो थोडासा वाढला होता. पाणी आटतं, मीठ मागे राहतं, म्हणून रोज वरून साधं पाणी घालावं लागतं, आणि ते काम तिचं होतं.

"बाबा, गणपतीच्या गडबडीत मी पाणी घालायला विसरले," ती म्हणाली. "माझ्यामुळे मेला."

तेवढ्याने मासा मरत नाही हे मला ठाऊक होतं. बोलायची हीच वेळ होती. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणालो, "असू दे गं, होतं असं कधी कधी." माझ्या गुन्ह्याची माफी मी तिला देऊन टाकली. इतकी लाज मला आजवर कशाची वाटलेली नाही.

निळा मासा मी परत देऊन आलो. टाकी लहान पडते त्याला, असं तिला सांगितलं. पुढच्या महिन्यात म्हटलं, चल, नवा गोबी आणू, तूच निवड. ती अभ्यासाच्या टेबलावरून उठली, वही आणून माझ्या हातात दिली.

"तूच निवड, बाबा. तू आणलेला जगला."

मी वही घेतली.