टिबुकलीचा नाच

माळ्यावरून लाइफ जॅकेट काढलं की त्याच्या कुबट वासाबरोबर मला ती टिबुकली आठवते. पळस्प्याच्या पलीकडच्या धरणावर मी सकाळीच कयाक घेऊन उतरलो होतो. वारा पडलेला, पाण्यात डोंगर उलटा उभा, आणि मधोमध तो मूठभर पक्षी बुडत होता, वर येत होता, पंख फडफडवत होता. नाचतेय असं वाटून मी फोटो काढत सुटलो. झूम केलं तेव्हा तिच्या मानेभोवती अडकलेलं मासे धरायचं जाळं दिसलं. तेवढ्यात ते जाळं उचलायला गावातला एक म्हातारा ट्रकच्या ट्यूबवर बसून, हातांनी वल्हवत आला. लाटा उठल्या, पाण्यातला डोंगर मोडला. मी ओरडलो, "काका, तिथंच थांबा! पाणी हलतंय." तो थांबला. "शेठ, पाखरू मरंल ना," म्हणाला. "झालंच, दोन मिनिटं," मी म्हटलं. पाणी पुन्हा आरशासारखं झालं, टिबुकली एकदा वर आली आणि मला हवा तो फोटो मिळाला. नंतर ती वर आलीच नाही. म्हाताऱ्यानं जाळं उचलून तो ओला गोळा माझ्यासमोर धरला. "आता हालत नाय, शेठ. काढा निवांत." आज नवीन पनवेलच्या घरात, सोफ्याच्या वर, तो फोटो मोठा करून लावलाय. पाहुणे म्हणतात, "काय सुंदर नाचतेय हो!" आणि मी त्यांना कॅमेऱ्याचं सेटिंग सांगतो.