अख्तरबानूची कोरडी विहीर

नासिर, हे तुझ्याबद्दल आहे म्हणून आधी तुलाच सांगते. चुका काढायच्या असतील तर घरी येऊन काढ, फोनवर वाद नको.

कसबा पेठेतला हा नासिर विहिरी खोदतो, त्याही समुद्रात. खाली तेल-वायू आहे का हे बघायला जी पहिली विहीर घेतात, तिच्यावरचा माणूस. कोरडी निघाली की सिमेंटने बुजवायची आणि घरी यायचं. वायू लागला की चाचण्या सुरू, रजा रद्द.

त्याची बायको अख्तरबानू साड्यांना फॉल लावते. गेल्या वर्षी तिला सुईचं नेढं दिसेना. मोतीबिंदू. "हे आल्याशिवाय मी डोळ्याला हात लावू देणार नाही," हा हट्ट. डॉक्टरांच्या दोन तारखा हुकल्या, कारण दोन्ही वेळा वायू लागला. गल्लीत पेढे वाटले गेले आणि ही गुलाबी साडीला लाल फॉल लावून बसलेली!

तिसऱ्या विहिरीच्या वेळी मात्र तिने नमाजात वेगळंच मागितलं. देशाला वायू हवा, नवऱ्याला हवा आणि आपण कोरडी विहीर मागतोय, याची तिला लाजही वाटायची. पण मागायची.

एका दुपारी फोन आला. नासिरचा आवाज पडलेला. "बानू, कोरडी निघाली गं."

"अल्हमदुलिल्लाह!" ती अशी ओरडली की शेजारच्या विमलाबाई हातातल्या झाऱ्यासकट धावत आल्या.

पलीकडे नासिर खाकरला. "अगं, फोन स्पीकरवर आहे. साहेब इथेच बसलेत."

तिने जीभ चावली. तेवढ्यात साहेबच बोलले, "वहिनी, आम्ही इथे सुतकात आणि तुमची दिवाळी?"

आता लाजून काय उपयोग? तिने डोळ्याचं सगळं सांगून टाकलं. वर म्हणाली, "विहिरी काय, आणखी खोदाल, साहेब."

साहेब हसायला लागले. "नासिरभाई, पहिल्या हेलिकॉप्टरने निघा."

तो अंगावरच्या कपड्यांनिशी निघाला. स्वारगेटला उतरल्यावर कळलं, बॅग समुद्रातच राहिली.

ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर तिने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "अहो, केवढे पिकलात!" मग घरी येऊन लाल फॉल उसवायला बसली. पुढच्या विहिरीला वायू लागला तर लागो, म्हणते.

एकच राहिलं, नासिर. समुद्राच्या तळाखालचा एक खडा मी तुला आणायला सांगितला होता. बॅगेत ठेवलाय म्हणालास. बॅग आली. तिच्यात तुझे मोजे निघाले.