दहाव्याची पिशवी

"आता गावातल्या मान्सांनी बोलायचं. बाहेरच्यांनी खाली बसून घ्या."

पुढारी माईकवरून हे बोलला तेव्हा माझा बाप उभा होता. टोपी सारखी करून, दोन शब्द बोलायला निघालेला. नदीकाठी सोनामावशीच्या दहाव्याला सगळं गाव बसलं होतं. आमच्या भागात पिंडाला कावळा शिवेपर्यंत श्रद्धांजलीची भाषणं चालतात. त्यात पंचायत समितीची निवडणूक तोंडावर आलेली. पुढाऱ्याला मयत बाईचं नावही धड घेता येईना. तो थेट बाजारपेठेवर घसरला, मारवाड्यांवर घसरला. "कुठनं कुठनं आले आन् आपल्या उरावर बसले." माणसं माना हलवत होती. सकाळी आमच्याच दुकानातून चहापत्ती नेलेली माणसं.

बाप खाली बसला. वर हसला. त्या हसण्याचा मला सगळ्यात जास्त संताप आला.

सोनामावशी आमची शेजारीण. माझी आई लवकर गेली, तेव्हापासून माझ्या वेण्या तिनंच घातल्या. तिचा मुलगा दत्ता पुढं बसला होता, डोकं भादरलेला. मी त्याच्याकडं बघितलं. तो जमीन बघत राहिला.

आमचं किराणा दुकान पणजोबांनी टाकलेलं. राजस्थानातलं मूळ गाव बापानंसुद्धा पाहिलेलं नाही. नदीच्या घाटावरून खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दिसतात. तिथं देशभरातून आलेले साहेब लोक गावाचे पावणे. आम्ही मात्र बाहेरचे.

गावात कुणी गेलं की बाप न सांगता दहाव्याचं सामान बांधायचा. काळे तीळ, जव, कापूर, दोरा. कापडी पिशवीला स्वतः गाठ मारायचा आणि त्या घरी स्वतः नेऊन द्यायचा. आम्हा जैनांत दहावा नसतोच. पण गावाच्या दुःखात त्याची जागा ठरलेली होती, आणि ती त्याला फार प्यारी होती.

घाटावर बाया बोलत नाहीत, मागं बसतात. मी उठले. माईक घेतला.

"माझे बाबा ह्याच गावात जन्मले. मावशीच्या दहाव्याचं सामान त्यांनी बांधलं. आमच्यात दहावा नसतो. उद्या ते गेले तर त्यांच्याबद्दल बोलायला असा घाट भरणार नाही. म्हणून आजच बोलते. बाहेरचे ते नाहीत. पिंडासमोर मतं मागायला आलेला माणूस बाहेरचा."

कुणीतरी वायर ओढली. बापानं मला हाताला धरून घरी आणलं. वाटेत एवढंच म्हणाला, "बाई, काय केलंस गं हे?"

दुकानावर बंदी कुणी घातली नाही. माणसं नुसती पुढून जायला लागली. मान वळवून. बाप तराजू पुसत बसायचा. पुसलेला तराजू पुन्हा पुसायचा.

मग वरच्या आळीतला एक म्हातारा गेला. बापानं पिशवी बांधली आणि गल्ल्याशेजारी ठेवली. आपण होऊन नेऊन द्यायचं धाडस त्याला होईना. कुणी बोलवेल म्हणून रस्त्याकडं बघत राहिला. कुणी आलं नाही.

शेवटी दत्ता आला. ओट्यावर टेकला.

"ताई, लई ताणू नको. म्हाताऱ्याच्या दहाव्याला माईकवर एकदा म्हण, चूक झाली. मंग समदं व्हतं तसं व्हईल. ही पिशवी मी आत्ताच घिऊन जातो."

बाप पटकन उठला. पिशवी दोन्ही हातांत धरून माझ्याकडं बघायला लागला. "म्हण की बाई. आपल्याला हितंच ऱ्हायचंय."

माझ्या बापानं माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. होय म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण समोर दत्ता होता, आणि मावशीच्या दहाव्याला खाली घातलेली त्याची मान मला आठवली.

"पिशवी ने, दत्ता. ती बाबांची आहे. माफी तुम्हाला माझ्याकडून हवी आहे, आणि ती मी मागणार नाही."

दत्ता रिकाम्या हातानं गेला.

बापानं गाठ सोडली. तीळ तिळाच्या डब्यात ओतले, जव जवाच्या. पुढाऱ्यानं त्याचा अपमान केला होता. त्याचं गाव मात्र मी हिरावलं. हे मला कुणी सांगायची गरज नाही. त्याला जेवायला वाढताना मला ते रोज दिसतं.

म्हाताऱ्याच्या दहाव्याच्या दिवशी सकाळी मी उठून ते सामान पुन्हा काढलं. पिशवीला गाठ मारली. बापासारखी नाही जमली. घाटावर गेले, पिशवी पिंडाच्या बाजूला ठेवली आणि पुरुषांच्या पुढं जाऊन बसले. पिशवीला कुणी हात लावला नाही. मी उठले नाही.

गावात पुढचं मयत होईल तेव्हा मी पुन्हा पिशवी बांधीन. पुन्हा नेऊन ठेवीन. तिच्यात तीळ असतील, जव असतील, कापूर असेल. माफी नसेल.