ताटातली अर्धी भाकरी

चार वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही. विषय निघाला की उठून गोठ्याकडे जायचो. आता लिहितो, कारण यात नाव खराब झालं ते माझं नाही, माझ्या सुनेचं.

इन्सुलिन मला आधीपासून चालू होतं. त्याची लाज नव्हती. गावात शुगरवाले कमी नाहीत. पण साखर आटोक्यात येईना, तेव्हा बीडच्या डॉक्टरांनी त्याच्या जोडीला आठवड्यातून एकदा घ्यायचं दुसरं इंजेक्शन दिलं. इन्सुलिनचे युनिट थोडे कमी केले आणि म्हणाले, "भूक मंदावेल. घाबरू नका, हे औषध तेच करतं."

घरी येताना मी सुनेला बजावलं, "ह्या दुसऱ्या सुईचं कुणाला बोलायचं न्हाई. लोक म्हणतील, म्हातारा संपला."

"तुमची सुई, तुमचं पोट," ती म्हणाली. "मी कशाला दवंडी देऊ, मामा?"

माझा हात थरथरतो, म्हणून रोजच्या इन्सुलिनसारखंच हेही दर गुरुवारी सकाळी तीच टोचायची. पोटाच्या कुठल्या बाजूला दिलं ते लक्षात राहावं म्हणून कॅलेंडरवर पेन्सिलनं 'उ' नाहीतर 'डा' लिहायची.

साखर हळूहळू उतरली, घशाची कोरड गेली. पण पंगतीत पाच भाकरी मोडणारा मी अर्ध्या भाकरीवर हात धुवायला लागलो. सदरे अंगावर लोंबायला लागले. पारावर विचारणा सुरू झाली, "काहून वाळलात, अण्णा? सून जेवायला घालती का न्हाई?"

मी हसायचो. त्या हसण्याचा लोक काय अर्थ लावतात, ते मला कळत होतं.

बोलणं तिच्या माहेरी, परळीपर्यंत पोचलं. एक दिवस व्याही आले. सुनेनं येसराची आमटी केली होती, गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी. व्याही स्वतः जेवायचं सोडून माझ्या ताटाकडं बघत होते. त्यांनी आग्रहानं भाकरी वाढायला घेतली, तर मी ताटावर हात आडवा धरला.

"पाव्हणं, खरं सांगा," ते हळूच म्हणाले. "पोरीचं काही चुकतंय का?"

ती स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती. इंजेक्शन फ्रीजमध्ये, चार पावलांवर. एका वाक्याचं काम होतं.

मी म्हणालो, "चालायचंच. म्हाताऱ्याचं कोण बघतं."

व्याही ताटावरून उठले. अंगणात तिला म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाला दोन घास न्हाई घालता येत? हेच शिकवलं का तुला?"

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग वडिलांना म्हणाली, "पुन्हा न्हाई व्हायचं असं, दादा."

पुढच्या गुरुवारी ती नेहमीसारखीच आली. हातही तसाच हलका. मी म्हणालो, "सूनबाई, त्या दिवशी..."

"दहा मोजा, मामा. सुई आत हाय, बोलू नका."

दहा होईस्तोवर माझं धाडस विरलं. त्यानंतर कितीतरी गुरुवार गेले. तब्येत झकास आहे. पालीच्या धरणाकडं रोज चालून येतो, सकाळी उठल्यावर अंग हलकं वाटतं. खरं सांगायचं तर सुखात आहे, आणि ते सुख तिच्या हातचं आहे.

मागच्या महिन्यात परळीला जाऊन व्याह्यांना सगळं सांगितलं. पारावरही सांगितलं, तिथं चार दिवस लोक हसले. व्याही मात्र हसले नाहीत. म्हणाले, "मला कशाला सांगता? भाकरी मी थापत होतो का? तिला सांगा."

त्यानंतर चार गुरुवार झाले. चारही वेळा मी दहा मोजले, सदरा खाली ओढला आणि चहा मागितला. सांगायचं होतं ते एवढंच: पोरी, तू मला एक दिवस उपाशी ठेवलं नाहीस. मलाच भूक नव्हती. तुझ्या वडिलांसमोर मी खोटं बोललो, आणि माझा शब्द पाळायला तू ते अंगावर घेतलंस. माझं चुकलं.