दुसऱ्या गावची चावी

नाना मिस्तरी दुकानात आलेल्या माणसाच्या तोंडाकडे आधी कधीच पाहत नसत. आधी कमरेकडे पाहत, मग खिशाकडे, बाई असली तर पदराच्या टोकाकडे. चावी कुठे आहे ते कळलं की त्यांच्या मते माणूस कळला. कमरेला जुडगा लोंबवून फिरणाऱ्याला ते गळ्यात घंटा बांधलेला बैल म्हणत. पण सगळ्यात जास्त तुच्छता त्यांनी राखून ठेवली होती ती 'चावी देवघरात आहे' असं भक्तिभावाने सांगणाऱ्यांसाठी.

"चावी देवना मांगे ठेवतस बठ्ठा," ते म्हणत. "चोर बी पहिले देवलेच नमस्कार करस."

नाना मूळचे धुळ्याकडचे, बोलत ते अहिराणीच. जळगावात त्यांचं तिजोऱ्या आणि कुलपं दुरुस्त करायचं दुकान होतं, पाटी नसलेलं. पाटी का नाही म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले की ज्याला गरज आहे तो विचारत येतो, ज्याला नाही तो पाटी वाचून डोकं खातो. माणूस काटकुळा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि जीभ त्यांच्या कानशीपेक्षा खरखरीत. मला ते पहिल्या भेटीतच आवडले. मला स्वतःला माणसांचा फार पुळका नाही. वीस वर्षं असोद्याच्या शाळेत शिकवल्यावर कुणालाच नसतो.

त्यांच्याकडे मला नेलं ते आमच्या भाऊंच्या मूर्खपणाने. भाऊ म्हणजे माझे थोरले बंधू, सावद्याला केळीचे व्यापारी. चार वर्षं केळीला बरा भाव मिळाला तशी त्यांच्या कमरेला रिव्हॉल्व्हर आलं. अर्जात कारण लिहिलं होतं, 'जिवास धोका'. भाऊंच्या जिवाला धोका होता तो फक्त साखरेचा आणि तळलेल्या भज्यांचा, पण त्यावर शस्त्राचा परवाना मिळत नाही. लग्नात पंगतीला बसताना ते जाकीट असं काही मागे सारत की वाढप्याला आधी कातडी म्यान दिसावं आणि मग ताट. आमच्या वडिलांचं, आबांचं, जुनं पिस्तूल त्यांच्या मागे वहिनीच्या नावावर झालं होतं. वहिनीने त्याला जन्मात हात लावला नव्हता. दोन्ही हत्यारं लोखंडी कपाटात पैठणीच्या घडीखाली राहत, आणि कपाटाची चावी गणपतीच्या चौरंगाखाली. हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

खंडेनवमीला ती दोन्ही पाटावर मांडून पूजा व्हायची. रिकामं शस्त्र पूजू नये, असं आबा म्हणायचे म्हणे. म्हणून भाऊ आधी गोळ्या भरत, मग हळदकुंकू, मग झेंडूचं फूल थेट नळीच्या तोंडात. एका वर्षी मी माहेरी गेले होते. पूजा झाली, सगळे पुरणपोळीवर बसले, आणि वहिनीला केर काढायचा होता म्हणून तिने तो पाट भरलेल्या हत्यारांसकट उचलून फ्रिजवर ठेवला. फ्रिज थरथरत होता. मी ताटावरून उठून आरडाओरडा केला तेव्हा भाऊ शांतपणे म्हणाले की आपल्या घरात आजवर काही झालं नाही. झालं नाही म्हणून होणार नाही, हे तर्कशास्त्र मी सातवीच्या वर्गातही चालू देत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना ओढून नानांकडे नेलं.

भाऊंनी मोबाईलवर एक परदेशी तिजोरी दाखवली. बोट लावलं की उघडते. नानांनी मोबाईलला हातही लावला नाही.

"बोट तुनंच ना, शेठ? मंग राग उना का बोट बी येईच संगे."

मग ते आम्हाला दुकानाच्या मागे घेऊन गेले. तिथे बुडालेल्या एका पतसंस्थेच्या भंगारातून आलेलं फायलींचं कपाट उभं होतं. चार खण, जाड पत्रा, छातीवरून आडवा लोखंडी पट्टा, रिकामं असतानाही चार हमालांना घाम फोडणारं. वरच्या खणावर 'ठेवी' अशी चिठ्ठी अजून चिकटलेली होती. भाऊंनी नाक मुरडलं. दिवाणखान्यात हे कसं दिसेल, वरून सनमायका मारता येईल का, असं काहीबाही विचारलं.  फालतू प्रश्न नाना ऐकूच येत नसल्यासारखे सोडून देत.

कपाटाची खोड त्यांनी मला समजावली, कारण भाऊ तोवर कंटाळले होते. फायलींच्या कपाटात आत एकच दांडा असतो, एक कुलूप उघडलं की चारही खण सुटतात. नानांनी तो दांडा मधोमध कापला. वरचे दोन खण झाळून कायमचे बंद केले. चालू ठेवले तर तिथे भाऊ पावत्या आणि आधार कार्डं ठेवतील, दिवसातून दहा वेळा उघडतील, आणि जे रोज उघडतं ते कपाट नसून खिडकी असते, असं त्यांचं म्हणणं. तिसऱ्या खणात लोकरीचा जाड नमदा बसवून दोन हत्यारांच्या जागा केल्या. कातडी म्यान आत ठेवायला बंदी, कातडं ओल धरतं आणि लोखंड गंजतं. सर्वांत खालच्या खणात गोळ्या, त्याला नानांनी स्वतः घडवलेलं निराळं कुलूप. आणि अख्खं कपाट आतून चार बोल्टांनी फरशीत आणि भिंतीत आवळायचं.

हे सगळं भाऊंनी मान्य केलं. अडलं ते शेवटच्या अटीवर. हत्यारांच्या खणाची चावी भाऊंकडे, पण गोळ्यांच्या खणाची चावी त्यांच्या घरातच काय, गावातही राहणार नाही.

"गोयीनी चावी दुसरा गावले ऱ्हावाले पाहिजे," नाना म्हणाले. "राग यष्टीमा बसत नही."

भाऊ हसले. चावी बायकोकडे ठेवतो म्हणाले. बायको तुम्हाला कधी नाही म्हणते का, असं नानांनी विचारलं. भाऊ मोठ्या अभिमानाने म्हणाले, हिंमत नाही तिची. मग ती या कामाची नाही, असं सांगून नाना माझ्याकडे वळले आणि मी कुठली ते विचारलं. भाऊंनीच घाईने सांगितलं की ही असोद्याला असते, पण आमचं दोघांचं पटत नाही.

"बेस व्हयनं," नाना म्हणाले. "चावी तिनाजवय ऱ्हाई."

भाऊ गाडीकडे गेल्यावर मी नानांना विचारलं की ही अट सगळ्यांना घालता का. त्यांनी कानस पुसायला घेतली. मग सांगितलं. धुळ्याला असताना त्यांनी एका शेठला बंदुकीसाठी तिजोरी करून दिली होती, आयुष्यातली सर्वांत चांगली. शेठची चावी करगोट्याला असे. एका सकाळी सख्ख्या भावाशी ओट्यावर बोलाचाली झाली. शेठ आत गेला, उघडलं, बाहेर आला. सगळं मिळून चहा उतू जायला लागतो तेवढा वेळ.

"कुलूप मन्हं चांगलं व्हतं, बाई," नाना म्हणाले. "चावी जवय व्हती."

तेव्हापासून ती चावी माझ्या मुगाच्या डब्यात राहू लागली. खंडेनवमीला मी ती घेऊन सावद्याला जायची, गोळ्या मोजून बघायची आणि खण पुन्हा बंद करायची. भरलेल्या शस्त्राची पूजा बंद झाली. नानांनी सांगून ठेवलं होतं की हळदकुंकवाची एवढीच हौस असेल तर कपाटाला लावा, राबतं ते कपाट. भाऊ दरवर्षी कुरकुरत आणि कपाटाला टिळा लावत.

तिसऱ्या वर्षी, ऐन कापणीच्या तोंडावर, भाऊंच्या मळ्यातली घडांनी लगडलेली दोनेकशे केळीची खोडं कुणीतरी कोयत्याने आडवी केली. ज्याने ते दृश्य पाहिलंय त्याला सांगायला नको, आणि ज्याने नाही त्याला सांगून कळणार नाही. भाऊंना वाटलं हे काम चुलतभाऊ प्रमोदचं. बांधावरून दोघांचं जुनं वैर होतं. मधल्या सुट्टीत मला वहिनीचा फोन आला. तिला धड बोलता येत नव्हतं. भाऊंनी खण उघडून रिव्हॉल्व्हर कमरेला लावलं होतं, आज प्रमोदला संपवतो म्हणाले होते, आणि मोटरसायकल काढून जळगावच्या रस्त्याला लागले होते. गोळ्या घरीच, खालच्या खणात. चावी माझ्याकडे.

रिकामं हत्यार कमरेला लावून चावी आणायला निघायचं आणि परत तेवढंच अंतर कापून माणूस मारायला जायचं, ही अक्कल आमच्याच घराण्याची. पण त्या दिवशी मला हसू आलं नाही. मी रजा टाकून घरी आले, मुगाचा डबा पालथा केला, चावी मुठीत धरून दारात बसले. सावद्याहून असोदा मोटरसायकलने सव्वा तास. सव्वा तास झाला, दोन झाले, तीन झाले. भाऊंचा फोन बंद. त्यांना दुसरीकडून गोळ्या मिळाल्या असतील, हा विचार मनात आला. मी आयुष्यात एवढी कधी घाबरले नाही.

उन्हं कलायला लागली तेव्हा ते आले. धुळीने माखलेले. त्यांनी चावी मागितली नाही. आधी पाणी मागितलं, मग विचारलं, घरात काय आहे खायला. मी कमरेचं ते काढून ठेवा म्हटलं, त्यांनी ते मिक्सरशेजारी ठेवलं. कळण्याची भाकरी आणि सकाळचं भरीत वाढलं. दुसरा घास घेताना त्यांना रडू फुटलं. रडता रडता त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या आणि गुमान सावद्याला परत गेले. खोडं कुणी कापली ते आजतागायत कळलेलं नाही. प्रमोद धडधाकट आहे, पहिल्याइतकाच चीड आणणारा आहे, आणि मागच्या लग्नात भाऊंच्याच पंगतीला बसून त्याने चार जिलब्या जास्त हाणल्या.

मी नानांचे आभार मानायला गेले. त्यांनी मान वर केली नाही. "मंग? कपाटनं काम शे ते," म्हणाले, आणि बोल्टांना गंज आलाय का तेवढं विचारलं.

नाना गेल्या उन्हाळ्यात गेले. झोपेतच. मी स्मशानात पोचले तर भाऊ माझ्या आधी येऊन उभे होते, कमरेला काही न लावता. मला आश्चर्य वाटलं. ज्या माणसाने त्यांचा एकदाही आदर केला नाही, त्याच्यासाठी ते सावद्याहून आले होते. परत येताना आम्ही नानांच्या बंद दुकानाच्या पायरीवर टेकलो, तेव्हा भाऊंनी सांगितलं.

"त्या दिवशी मी आधी इथे आलो होतो. तू चावी दिली नसतीस, मला माहीत होतं."

नानांनी त्यांना स्टुलावर बसवलं होतं. जोडचावी नाही, पण कुलूप माझ्या हातचं आहे, खाचा पाठ आहेत, करून देतो, असं म्हणाले होते. मग कोरी चावी पकडीत धरून कानस चालवत बसले. दोन तास. भाऊंना दोनदा कोपऱ्यावरून चहा आणायला पाठवलं, कमरेला रिव्हॉल्व्हर आणि हातात चहाची पिशवी. सगळा वेळ तोंडाचा पट्टा चालू होता. भाऊंची मिशी, भाऊंचं म्यान, भाऊंची बुद्धी, काही सुटलं नाही. शेवटी गरम चावी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "ले, शेठ. आते जाय, उघाड."

"चावी हातात होती माझ्या," भाऊ म्हणाले. "सावद्याला जाता आलं असतं. मी नाही गेलो."

त्यांनी खिशातून ती चावी काढून मला दिली. इतकी वर्षं जवळ बाळगली होती, एकदाही लावून पाहिली नव्हती. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी रिव्हॉल्व्हर लावून पंगतीला बसलेल्या भाऊंच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि असं मी भाऊंबद्दल पहिल्यांदाच लिहिते आहे.

या खंडेनवमीला सावद्याला गेले तेव्हा भाऊ आंघोळीला गेलेले पाहून मी ती चावी खालच्या खणाला लावून पाहिली. आत गेली. फिरेना. माझ्या चावीशेजारी धरून पाहिली, तर एक खाच जुळत नव्हती. त्या म्हाताऱ्याने दोन तास घासून जगातलं एकही कुलूप उघडणार नाही अशी चावी केली होती, आणि वर 'जाय, उघाड' म्हणाला होता.

तेवढ्यात भाऊ हळदकुंकवाचं तबक घेऊन आले. माझ्या हातात ती चावी पाहून थबकले.

"चालते ना अजून?" त्यांनी विचारलं.

"चालते," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि कपाटाला टिळा लावला.